बुलबुलानंतर चंडोल

माझी आत्या छापखान्यात बाइंडर. चाळीस वर्षं पुस्तकं शिवली, पण एकही फॉर्म, म्हणजे सोळा पानांची दुमडलेली घडी, कधी मागेपुढे झाला नाही, ही तिची शेखी. या बाबतीत ती नाकावर माशी बसू द्यायची नाही.

शिवता शिवता वाचायची मात्र तिला भारी खोड. पक्ष्यांवरच्या इंग्रजी रोमँटिक कवितांचं, कॉलेजातल्या एका सरांनी मराठीत आणलेलं पुस्तक आलं, तेव्हा तर तिने सुईच खाली ठेवली. प्रस्तावनेत सर म्हणत होते, या कवींचा पक्षी हा नुसता पक्षी नसतोच, तो आत्मा असतो. छपाई बघायला आलेल्या सरांना आत्याने दारातच गाठलं.

“आत्मा म्हणता, सर? मग अंडी कोण घालतं?”

सर पोट धरून हसले. “इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नाही मला! प्रकाशन समारंभाला पुढच्या रांगेत बसायचं, बाई.”

झालं! आत्याचे पाय जमिनीवर ठरेनात. त्याच तंद्रीत तिने समारंभापुरती पहिली प्रत घाईघाईने शिवून दिली. बाकीच्या तीनशे अजून सुट्याच होत्या.

समारंभात सरांनी बुलबुलाची कविता वाचायला घेतली. काळोखात बुलबुल रडतोय, त्याच्यासोबत कवीही. आत्याला सगळं पाठ, तिचे ओठ हलत होते. सरांनी पान उलटलं, आणि पुढे लख्ख उजाडलेलं, चंडोल गात गात थेट आभाळात!

आत्याने माझा हात करकचून दाबला. “सहाव्याच्या आधी सातवा फॉर्म लागला गं! चाळीस वर्षं पाण्यात गेली माझी.” तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

सर थबकले. त्यांनी चष्मा पुसला. मग हसू दाबत, आवाज चढवत तसंच वाचत सुटले. लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

सर खाली उतरून थेट आत्याकडे आले. “बाई, बाकीच्या प्रतीही अश्शाच बांधा!”

“छे!” आत्या ताडकन उठली. “चूक एकदा होते, सर. तीनशे वेळा करायला माझा हात धजायचा नाही. आणि ती इकडे द्या, दुरुस्त करते.”

सरांनी प्रत पाठीमागे लपवली.

तीनशेच्या तीनशे प्रती आत्याने चोख बांधल्या. त्यातली एक स्वतःसाठी घरी आणली, तिचा दोरा कापला, सहावा फॉर्म उचलून सातव्याच्या मागे ठेवला आणि गुणगुणत पुन्हा शिवली.