टॅपेट कव्हरवरचं नाव

वाशीमले रिसोडकडे जानाऱ्या रोडवर आमचं दुकान हाय. भांडे घासून चमकवनं अन् भांड्यायवर नाव टाकनं, हे दोनच कामं. बाजूले मिस्तरीचं गॅरेज. मधात टिनाची भिंत, अन् त्या टिनाले हातभर भोक. त्यातून मिस्तरी मले आवाज देते.

आवाज देते तो फोन आला का. मिस्तरीचा डावा कान बसेल हाय, उजवाही मूडमध्ये असला तरच ऐकते. गिऱ्हाईक फोनवर आपल्या ट्रॅक्टरचा आवाज तोंडानं काढून दाखवते, "ढुग ढुग ढुग फिस्स", तो त्याले समजत नाई. मंग फोन मी घेतो अन् तोच आवाज मिस्तरीच्या उजव्या कानात काढतो. तो डोळे मिटून सांगते, "नोजल." एकदा मी गिऱ्हाइकाच्या खोकल्यासकट आवाज काढला. मिस्तरी म्हने, "इंजिन चांगलं हाय. मानसाले दवाखान्यात ने म्हना."

असं आमचं चालू होतं, अन् यंदा हिवाळ्यात गॅरेजमध्ये ती गाडी आली. लाल, दोन सीटची, विलायती, वरचं छप्पर कापडाचं. बाजारातल्या कपड्याच्या दुकानवाल्या शेठजीची. त्याईच्या वडिलानं, म्हन्जे मोठ्या शेठजीनं, जवानीत मुंबईहून आनलेली. मोठे शेठजी वारले, त्याच्या आधीपासूनच ती गोदामात तुरीच्या पोत्यामागं उभी होती. ट्रॅक्टरनं ओढून आनली तवा सीटखालून उंदराचे दोन संसार निघाले.

मिस्तरी आता ट्रॅक्टर, थ्रेशर अन् फवारनीचे पंप करते. पन जवान होता तवा या गाडीचं इंजिन त्यानं दोनदा खोललं होतं. वाशीम जिल्ह्यात तसं इंजिन दुसरं नाई, अन् त्याले हात लावनारा मानूसही दुसरा नाई, हे त्यानं मले किती डाव सांगतलं त्याचा हिशेब नाई. शेठजीले मात्र भरवसा नव्हता. त्याईनं गाडी पुन्याले पाठवाचं ठरवलं होतं, सोमवारी ट्रक येनार होता, तोवर ब्रेक मोकळे करून द्या एवढंच मिस्तरीले सांगतलं होतं. मिस्तरीनं हात जोडले नाई, पन जोडल्यासारखंच बोलला.

"शेठजी, एक पार्ट करून दाखवतो. इतवारी या, पाहा. नाई पटला तर मीच ट्रकवर चढवून देतो."

"कोणता पार्ट?"

"टॅपेट कव्हर. बोनेट उघडलं का इंजिनावर पयले तेच दिसते."

शेठजीनं मोबाइलमध्ये एक जुना फोटो दाखवला. मोठे शेठजी बोनेट उघडून उभे, आतमध्ये ते कव्हर चांदीवानी चमकून राह्यलं. "असं पाहिजे. याच्यापेक्षा कमी नाही, जास्त पण नाही."

ते गेल्यावर मिस्तरी मले म्हने, "ट्रकवर चढली का ते इंजिन माह्या हाती परत येत नाई. समजलं का तुले?"

समजलं होतं. तशी चमक द्याचं मशीन त्याच्याकडे नव्हतं, माह्याकडे होतं.

कव्हर म्हन्जे हातभर लांब पेटीचं झाकन. जर्मनचं, म्हन्जे अॅल्युमिनियमचं, आपल्या भाताच्या गंज-पातेल्याचं असते तसंच, फक्त जाड. वरून तेल जळून जळून काळी खरपुडी चढलेली. आमच्या दुकानात जळलेलं भांडं आलं का कॉस्टिक सोड्याच्या पान्यात टाकतो. मी बादली घेतलीच होती, तर भोकातून आवाज आला, "कॉस्टिक नाई बे. जर्मनले खाते ते. सकाळी पाहाशीन तर चाळनी होऊन राह्यली." मंग रॉकेलमध्ये दिवसभर भिजवलं, लाकडाच्या पट्टीनं खरवडलं, पॉलिश पेपर मारला, आखरीले मशीनवर कापडाचं चाक लावून घासलं. खालची कडा मशीनले लावाची नाई, हे मिस्तरीनं चार डाव बजावलं, कारन तिथंच ते इंजिनाच्या हेडवर बसते, कडा गोल झाली का तेल गळते. शुक्रवारी संध्याकाळी कव्हर फोटोतल्यासारखं झालं. मिस्तरीनं ते पाह्यलं अन् काहीच म्हटलं नाई. तो काहीच म्हनत नाई तवा काम चांगलं असते.

शनिवारी रिठदच्या एका लग्नाचे एक्कावन्न ताटं आले होते. नवरीच्या आंदनाचे, सगळ्यायवर मामाचं नाव टाकाचं होतं. नाव टाकाची मशीन म्हन्जे एक पेन, विजेवर टिर्र करते अन् टोकानं ठिपके पाडते. एक ताट झालं का पोत्यावर ठेवाचं, दुसरं उचलाचं. दहा-पंधरा ताटं झाले का हात आपल्या मनानं चालते. कव्हर त्याच पोत्यावर ठेवेल होतं.

आता खरं सांगतो. हात आपोआप चालला, असं मी नंतर बाकीच्यायले सांगतलं, पन तसं नव्हतं. मी पाहूनच कव्हर उचललं. आमच्या दुकानातून बिननावाचं भांडं बाहेर जात नाई. लोक चमक पाहात नाई, ताट उलटं करते अन् विचारते, "नाव टाकलं का?" मले वाटलं, एवढी मेहनत केली, त्यावर मोठ्या शेठजीचं नाव पायजे. शेठजी खुश होतीन. मधातल्या सपाट जागेवर मी मोठ्या शेठजीचं पुरं नाव टाकलं, खाली वाशीम. ते वारले म्हनून नावाआधी स्व. टाकलं. अक्षर माह्यं चांगलं हाय.

मिस्तरी संध्याकाळी न्यायले आला. चष्मा वर केला, कव्हर डोळ्याजवळ आनलं.

"हे काय हाय?"

"नाव."

"कोनाचं?"

"मोठ्या शेठजीचं."

तो खाली बसला. "इंजिनावर स्वर्गीय लिहिलं तुनं. आपन इंजिन सुरू करून राह्यलो का तेरवी?"

मले हसू आलं, पन त्याचं तोंड पाहून मी हसलो नाई. उजेडात पाह्यलं तर ती चमकनारी जागा, अन् मधात शोकसभेच्या बोर्डावानी नाव. शेठजीनं सांगतलं होतं, कमी नाई, जास्तही नाई.

"घासून टाक," मिस्तरी म्हने. "उद्या दहाच्या आत."

"घासता येत नाई."

"काहून?"

आमच्या दुकानाचा तो नियम हाय, बाबाचा. भांड्यावरचं नाव आमी कधीच मिटवत नाई. बाबा म्हनते, नाव घासाले येनारा मानूस एक तर चोर रायते, नाई तर वाटनी झालेला भाऊ. अन् हे तर मेलेल्या मानसाचं. घरच्यायले न विचारता कसं घासाचं? मिस्तरी म्हने, टाकतानी कुठं विचारलं होतं? पन मी म्हटलं, "मी शेठजीले दाखवतो. ते म्हनतीन ते करतो."

"ते म्हनतीन, ट्रक आन."

"म्हनतीन तर म्हनतीन."

मिस्तरीनं त्या रात्री टिनाच्या भोकाले आतून पोतं लावून टाकलं.

इतवारी दहाले शेठजी आले. मी कव्हर त्याईच्या हातात देल्लं अन् सांगून टाकलं, "हे मी माह्या मनानं केलं, मिस्तरीनं नाई." शेठजीनं वाचलं. लय वेळ वाचलं, दोनच ओळी होत्या तरी.

"मिस्तरी, पप्पांना हे आवडलं असतं?"

मिस्तरीनं माह्याकडे पाह्यलं नाई. "मोठे शेठजी या गाडीवर लिंबू-मिरची बांधू देत नव्हते. म्हनत, कंपनीनं लावली नाई ती गोष्ट लावाची नाई."

"मग काढा."

"तुमी मले सांगा," मी म्हटलं. "तुमच्या तोंडून पायजे."

शेठजी जरा चिडले. मंग मी त्याईले बाबाचा नियम सांगतला. त्याईनं कव्हर माह्या हातात देल्लं अन् म्हने, "मी सांगतो. पप्पांचं नाव काढ. पण माझ्यासमोर." अन् टायरवर रुमाल टाकून बसले.

मशीनवर नाई केलं. मशीननं तेवढीच जागा घासली असती तर तिथं खळगा पडला असता, अन् चमकत्या जर्मनवरचा खळगा आंधळ्यालेही दिसते. लाकडाच्या सपाट ठोकळ्याले पॉलिश पेपर गुंडाळला, पान्यात बुडवला अन् इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत सगळी जागा सारखी उतरवाले लागलो. वाशीम पयले गेलं, ते हलक्या हातानं टाकेल होतं. मंग स्व. गेलं. नाव मात्र मी मन लावून टाकलं होतं, ते काही केल्या जाईना. खरखरीत पेपर, मंग बारीक, मंग त्याहून बारीक. दर डाव पेपर बदलला का उलट्या दिशेनं. एक वेलांटी दीड तास राह्यली. शेठजी मधात एकदा म्हने, "पाणी पी." मिस्तरी उगाच एका पंपाचा नट कसत होता, तो नट आधीच कसेल होता.

ट्रकवाल्याचा फोन आला, उद्या किती वाजता येऊ म्हनून. शेठजी म्हने, "थांब, सांगतो."

वेलांटी गेल्यावर कापडाचं चाक लावलं, तेवढं मशीनवर केलं. दुपारचे एक वाजले होते. मिस्तरीनं कव्हर माह्या हातून घेतलं अन् गॅरेजच्या बाहेर, टिनाच्या छपराखाली, आडवं धरलं. छपराच्या टिनाच्या पन्हळी, त्या लांब नाल्या, त्यात दिसत होत्या. जागा कुठं दबली असती तर तिथं त्या वाकड्या दिसल्या असत्या. त्यानं कव्हर हळूहळू सरकवलं. शेठजीही वाकून पाहून राह्यले होते. नाल्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या.

शेठजीनं नाव होतं तिथं अंगठा फिरवला. दोनदा फिरवला.

"कुठे होतं?" त्याईनं विचारलं.

मी दाखवलं. मलेही नेमकं सांगता आलं नाई.

मंग त्याईनं खिशातून फोन काढला. "हां भाऊ, उद्या येऊ नको. नाही, मंगळवारी पण नाही. गाडी इथंच राहते." फोन ठेवून ते मिस्तरीकडे वळले. "कार्बोरेटर कधी काढता?"

मिस्तरीनं बाकाखालून पत्र्याचा डबा ओढला. दोन्ही कार्बोरेटर रॉकेलमध्ये भिजून राह्यले होते. वरच्या रॉकेलवर दोन-तीन दिवसाची धूळ बसेल होती.

"काढेलच हायेत," तो म्हने, अन् डबा माह्याकडे सरकवला. "याच्यावर काई लिहाचं नाई."