बाबांच्या प्रीअँपला नवे व्हॉल्व्ह घातले आणि धडा शिकलो

मंडळी, आज सकाळी मीच एक उद्योग करून बसलो.

बाबांनी तरुणपणी स्वतः जोडलेला, काचेच्या नळ्यांचा म्हणजे व्हॉल्व्हचा प्रीअँप (अँप्लिफायरच्या आधी आवाज वाढवणारा डबा) आमच्याकडे अजून वाजतो. आवाज आणखी खुलेल म्हणून मी त्यात नवे व्हॉल्व्ह बसवले. आवाज होता तसाच राहिला, वर घरघर सुरू झाली. घाबरून जुने परत लावले, तर डावा स्पीकर बंदच पडला. बाबा उठून आत निघून गेले. तेच जास्त लागलं.

प्रीअँप उचलून तडक मोहोळला एका जुन्या रेडिओ मेकॅनिक काकांकडे गेलो. व्हॉल्व्ह तपासून ते हसले. "हे जुने लई चांगले हायत की! काढघाल करून सॉकेट ढिलं झालंय बघा." त्यांनी सॉकेट साफ करून घट्ट केलं, जुनेच व्हॉल्व्ह लावले आणि दोन्ही बाजू वाजू लागल्या.

दुपारी घरी गाणं लावलं. बाबा बाहेर आले.

"रागावला होता ना?" मी विचारलं.

"न्हाय रे. मला वाटलं, माझंच काम कच्चं निघालं."

किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

जुने व्हॉल्व्ह धड असताना नवे घालून तुमच्यापैकी कुणाच्या सेटचा आवाज खरंच सुधारलाय का?