जावयानं बंद केलेला ग्रुप

आमच्या दोन्ही घराण्यांत बोलण्यावर बंदी घालणारा पहिला माणूस मी.

जिल्ह्यात कसलीशी गडबड झाली आणि दोन दिवस इंटरनेट बंद राहिलं. सुरू झालं ते पोलिसांची नोटीस घेऊनच : ग्रुपवर काही वावगं आलं तर अ‍ॅडमिन जबाबदार! सासरच्या 'पाहुणे मंडळी' ग्रुपचा अ‍ॅडमिन मी (हौसेनं झालेला). त्यात बायकोचे किसनमामा. हा माणूस आलेलं सगळं न वाचता पुढं ढकलतो. मला आमच्या तलवाड्याच्या वेशीतच माझ्या हातात बेड्या दिसायला लागल्या. मी ताबडतोब ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केली आणि सरकारी थाटात मेसेज टाकला : 'पुढील सूचना मिळेपर्यंत कोणीही बोलू नये.'

अहाहा, काय शांतता! राज्य करणं इतकं सोपं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

विसरलो एवढंच, की मेहुण्याचं लग्न आठवड्यावर आलं होतं. लग्नाच्या तोंडावर जावई 'बोलू नका' म्हणाला, की आपल्याकडं त्याचा अर्थ एकच. जावई रुसला! आणि रुसलेल्या जावयाला फोन करत नसतात, त्याच्या दारात जावं लागतं.

दुसऱ्याच दिवशी सासरहून, म्हणजे आष्टीहून, जीप आली. सासरे, मेहुणा, किसनमामा, टॉवेल-टोपी आणि पेढे.

"जावईबापू, कावून रुसले तुमी?" सासऱ्यांनी माझ्या डोक्यावर टोपी चढवली.

"रुसलो न्हाई ओ! पोलिसांची नोटीस हाय!"

"पोलिस?" सासरे मटकन खाटेवर बसले. "आमच्यावर केस केली व्हय?"

"दाजी, अंगठीच पायजे तर तसं म्हना की!" मेहुणा रडकुंडीला आला. "तुमी न्हाई आले तर मी बोहल्यावर चढत न्हाई!"

अंगठी ऐकून बायको आतून धावत आली. "माझ्या बापाला अंगठी मागितली तुमी?"

"अगं, मी एक अक्षर बोललो न्हाई!"

"तसंच रुसत्यात! बसा इथंच. मी एकटी जाते लग्नाला."

मी घाईघाईनं मोबाइल काढला, सगळ्यांना नोटीस दाखवली आणि ग्रुप खुला केला. त्याच क्षणी पहिला मेसेज येऊन पडला. किसनमामांनी माझ्यासमोर बसूनच माझा टोपीतला फोटो टाकला होता : 'रुसलेले जावई. जास्तीत जास्त शेअर करा!'

लग्नाला मी गेलो. आष्टीत ओळख करून द्यावी लागली नाही. ग्रुपची अ‍ॅडमिन आता बायको आहे. तिनं पहिल्याच दिवशी मला ग्रुपमधून काढलं.

सरकारनं निदान आधी नोटीस तरी दिली होती!