खंडेनवमीला पुजलेला पंप

आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर महिनाभर दुधाचा एक पंप उभा होता, आणि तो माझ्या मोबाइलशिवाय कशातही दिसत नव्हता.

मी पलूसजवळच्या एका दूध प्लांटात कामाला आहे. तिथं नवा पंप यायचा होता. तो येण्याआधीच आम्ही शिकून तयार असावं म्हणून मोबाइलवर एक अॅप दिलं गेलं. कॅमेरा फरशीकडे धरला की पडद्यावर त्याच फरशीवर पंप उभा! मग भोवती फिरायचं, बोटानं नट सोडवायचे, सील काढायचं, परत बसवायचं. शेवटी परीक्षा. पास झालो तर पंपाचा ऑपरेटर, नापास झालो तर पुन्हा क्रेट धुणं. (खरं सांगतो, क्रेट धुतानाही मी चुकतो.)

घराला पंपाची सवय झाली. माझी बायको सुनंदा झाडताना त्याला वळसा घालायची. तेवढ्या जागेत खराखुरा कचरा साठला, आणि त्याचाही दोष माझ्याच माथी!

परीक्षा मी शेवटच्या दिवसावर ढकलली. तो निघाला खंडेनवमीचा. आंघोळ करून आलो तर फोन जागेवर नाही. माझे वडील, अण्णा, फौजेतले निवृत्त हवालदार. त्यांनी पाटावर विळा, कोयता, पाना मांडला होता आणि पुढच्या कडेला माझा फोन. लाल दोऱ्यानं पाटाला बांधलेला, वर हळदकुंकू!

"अण्णा, फोन कशाला?"

"तुजी भाकरी ह्याच्यावरच शिकतोयस न्हवं? मग ह्येच तुजं हत्यार. पुजलंय. आता दसऱ्याबिगर उचलायचं न्हाई."

"आवं, आज सांजच्याला परीक्षा बंद होतीया!"

"मग म्हैनाभर काय करत हुतास रं?"

हा प्रश्न मला क्रेटपेक्षा जड गेला. मी सुनंदाकडे पाहिलं. तिनं पदर खोचला.

"मामंजी, फोन न्हाई उचलायचा. पाट उचलला तर?"

अण्णांनी बराच विचार केला. "पाट चालंल."

नशिबानं फोनचं टोक पाटाबाहेर आलं होतं, त्यामुळे कॅमेऱ्याला फरशी दिसत होती. एका बाजूनं सुनंदा, दुसऱ्या बाजूनं अण्णा, असा पाट उचलला. पडद्यावर पंप उभा राहिला. आता नट सोडवायचा, तर अण्णा गरजले, "बोट न्हाई लावायचं!"

"मग सोडवू कसा?"

"नमस्कार कर. नमस्काराला बोट लागलं तर दोष न्हाई."

झालं! हात जोडायचे, बोट टेकवायचं, छातीला लावायचं, की एक नट सुटायचा. मग पाट पुढं सरकायचा. वळणावर पाट कलला आणि कोयता घसरून माझ्या अंगठ्याशेजारी पडला. मी त्यालाही नमस्कार केला.

तेवढ्यात शेजारच्या हौसाक्का विरजण मागायला आल्या. दारातच थबकल्या.

"कुठला द्येव गं, सुनंदा?"

"पंप हाय, आक्का."

"व्हय का!" म्हणत त्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्यामागून प्रदक्षिणा सुरू केली. तिसऱ्या फेरीला त्या सरळ मधूनच चालत गेल्या.

"आक्का!" अण्णा ओरडले. "द्येवाच्या अंगावरनं चाललीस की!"

हौसाक्कांनी दोन्ही गालांवर मारून घेतलं. मी शेवटचा नट बसवला. पडद्यावर अक्षरं उमटली: उत्तीर्ण.

पण मन खायला लागलं. परीक्षा एकट्यानं द्यायची, असा नियम होता. कामावर गेल्यावर शिकवणाऱ्या साहेबांना गाठलं.

"साहेब, परीक्षा मी एकट्यानं दिली नाही."

"मग सोबत कोण होतं?"

"बायको आणि वडील पाट धरून होते. हौसाक्का मागं होत्या. पण नट सगळे मीच सोडवले."

साहेबांनी नुकत्याच येऊन बसलेल्या नव्या पंपाकडे बोट केलं. मग म्हणाले, "असं करा, खऱ्या पंपावर करून दाखवा."

सगळी शिफ्ट जमली. माझी एकही चूक झाली नाही. सगळा पंप खोलला, जोडला, जागा मला मिळाली. फक्त साहेबांनी जाताना खांद्यावर हात ठेवून विचारलं, "दर नटाला हात का जोडत होता?"

तेव्हापासून पंप अडला की 'ऑपरेटरला बोलवा' असं कुणीच म्हणत नाही. सगळा प्लांट ओरडतो, "आरं, पुजाऱ्याला उठवा!"