नळीतला बोळा

हे मी सुधालाही सांगितलेलं नाही. सुधा म्हणजे माझी बायको. पोटातलं सगळं मी तिच्यापाशी ओततो असा तिचा समज आहे, आणि ही एक गोष्ट सोडली तर तो खराही आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. इतकी वर्षं झाली, तरी मी अजून हादरलेलाच आहे — अपघातानं नाही हो. स्वतःच्या जिभेनं.

बनारसच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो. घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, आजूबाजूला वेदपाठी, पुरोहित, शाळामास्तर. त्यांत रायफलवाला मी एकटा. शेजारचे काका म्हणायचे, "ब्राह्मणाच्या घरी बारूद, कलियुग म्हणतात ते हेच." शहराबाहेरच्या रायफल क्लबात मी जायचो, पण नेम माझा यथातथाच. माझं नाव होतं ते काडतुसं भरण्यात.

विकतची काडतुसं सारखी नसतात — एक गोळी वर जाते, एक खाली. म्हणून स्पर्धेसाठी आपली आपण भरायची. वापरलेलं पितळी काडतूस घ्यायचं, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. गोळ्या मी एकेक करून तोलायचो. जड वेगळ्या, हलक्या वेगळ्या. लांबच्या निशाण्याला मागून निमुळती गोळी बरी, ती वाऱ्याला कमी बधते. पण सगळा खेळ दारूचा. रायफलीला सावकाश जळणारी दारू लागते, गोळीला नळीतून रेटत नेणारी. पिस्तुलाची दारू भस्सकन जळते. ती रायफलीच्या मापानं रायफलीत घातली, तर रायफलच फुटते. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, आणि शंका आली की दारू फेकून द्यायची. हे सांगून सांगून मी क्लबातल्या लोकांचे कान किटवले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच.

मुकुंद सुधाचा धाकटा भाऊ. रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता. दहा वेळा तपासल्याशिवाय पाऊल पुढे न टाकणारा माणूस. सुधा त्याला चिडवायची की तू लग्नात मंगळसूत्रसुद्धा ओढून बघशील. नेमबाजीत मात्र देवानं त्याला हात भरून दिलं होतं. त्या वर्षी त्याची प्रांताच्या संघात निवड व्हायची होती, आणि तो माझीच काडतुसं वापरायचा. "जिजाजी, तुमची काडतुसं असली की मी फक्त निशाणा बघतो," म्हणायचा. "बाकी सगळ्याची फिकीर तुमच्यावर सोडतो."

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा व्हायची. रायफल, तराजू, काडतुसं दाबायचं यंत्र, सगळं पाटावर मांडायचं, वर झेंडूची फुलं. सुधा म्हणाली, डब्यांनाच कुंकू लावा. पण मला हौस! गल्लीतली मंडळी दर्शनाला यायची, त्यांना पत्र्याचे डबे काय दाखवायचे? मी चांदीच्या दोन वाट्या घेतल्या. एकीत रायफलीची दारू, दुसरीत क्लबातल्या पिस्तुलांसाठी ठेवलेली. दोन्ही काळसर, मोहरीहून बारीक दाणे. उजवीकडे रायफलीची, डावीकडे पिस्तुलाची, असं मनाशी पक्कं केलं. मग सुधानं समई आणली आणि मी ओरडलो, दारूजवळ दिवा? दोन्ही वाट्या झटकन उचलल्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत नेऊन ठेवल्या. सगळे हसले. मास्तर किती जपतात बघा, म्हणाले. मी खूश झालो.

दसऱ्याला पूजा उतरवली आणि दारू परत डब्यांत ओतायला गेलो. हात थांबला. खिडकीत ठेवताना — उजवी वाटी उजवीकडेच ठेवली होती ना? की हात उलटसुलट झाले होते? आठवेना. भिंगातून पाहिलं, वास घेतला. काही कळलं नाही. फेकून द्यायची होती, एवढंच करायचं होतं. का नाही फेकली? दारू मिळायची मोठ्या मुश्किलीनं, हे खरं. पण त्याहून खरं हे की फेकली असती तर कोणीतरी विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की दुनियेला शिकवणाऱ्या मास्तरांनी दोन डबे एकदम उघडले. म्हणून मी स्वतःला पटवलं — उजवी ती उजवी. आणि ओतली. रायफलीच्या डब्यातल्या वरच्या दारूनं मुकुंदची काडतुसं भरली. आधी स्वतः एक उडवून बघायचं, तेही केलं नाही. माप तर नेहमीचंच होतं!

क्लबात मुकुंद पालथा पडून नेम धरत होता, मी त्याच्या मागे उभा होतो. पहिलाच बार. आवाज वेगळाच आला — कोरडा, कानाखाली मारल्यासारखा. रायफलीचा मागचा भाग फुटला होता. मुकुंद चेहरा धरून कुशीवर वळला, बोटांमधून रक्त येत होतं. त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे खिडकीतल्या वाट्या आल्या. मला कळलं होतं. लगेच कळलं होतं.

आणि मी काय केलं? त्याला उचललं? रक्त दाबलं? मी त्याच्यावर वाकलो आणि विचारलं, "मुकुंद, नळीतला बोळा काढला होतास ना?"

नळी साफ करताना चिंधीचा बोळा आत राहिला, तर बार अडतो आणि रायफल फुटते. नेमबाजांमध्ये हे सगळ्यांना माहीत. पण हा प्रश्न माझ्या तोंडात आला कुठून? मी तो ठरवला नव्हता. माझ्याआधी माझी जीभ धावली, स्वतःला वाचवायला. ती इतकी तयार कधी झाली?

"आठवत नाही," मुकुंद कण्हत म्हणाला. झालं. भोवती जमलेल्यांनी ते ऐकलं.

त्याचा उजवा डोळा गेला. बोळा अडला असता तर नळीला फुगवटा आला असता. मी नळीवरून हात फिरवला होता, ती सरळ होती. बोललो नाही. उरलेली काडतुसं तपासतो म्हणून मीच घरी नेली. एक उघडलं, त्यातली चिमूटभर दारू अंगणात फरशीवर पेटवली. भस्सकन पेटली. म्हणजे संशयालाही जागा उरली नाही. पूजेच्या निर्माल्याच्या पिशवीत काडतुसं आणि डबा घातला, घाटावर गेलो, गंगेत सोडून आलो. क्लबच्या सेक्रेटरींना सांगितलं, काडतुसं ठीक आहेत. त्यांनी मान हलवली. माझा शब्द होता ना.

मुकुंदला सिग्नलच्या कामावरून काढून कचेरीत बसवलं. आधी तो तपासायचा ती सवय होती, आता तो आजार झाला. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. गॅस बंद आहे का हे बायकोला विचारायचा, मग स्वतः बघायचा, मग पुन्हा विचारायचा. स्वतःच्या हातांवरचा त्याचा भरवसाच उडाला. सुधा रागावायची, "एवढा तू काटेकोर, आणि बोळा विसरलास कसा रे?" तो खाली बघून म्हणायचा, "गलती झाली, ताई." मी तिथेच बसलेला असायचो. चहा पीत. क्लबनं काडतुसं भरणं बंद केलं, मीही यंत्र विकून टाकलं, आणि लोक म्हणाले, मेहुण्याचं दुःख मास्तरांनी किती मनाला लावून घेतलंय बघा.

गेल्या वर्षी मुकुंद गेला. शेवटी शेवटी दवाखान्यात होता. एका दुपारी सुधा औषधं आणायला खाली गेली आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्यानं माझा हात धरला.

"जिजाजी, एक बात मनात राहिली. माझ्या गलतीपायी तुमच्या काडतुसांना बट्टा लागला. तुमचा शौक सुटला. तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत मला." त्याला दम लागला. मग म्हणाला, "माफ करा मला."

दार बंद होतं. ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, एका डोळ्यानं, आणि वाट बघत होता.

"केलं रे माफ," मी म्हणालो.

त्यानं माझा हात उचलून आपल्या कपाळाला लावला.