पाकीट हितं फोडू नका

भोरच्या एसटी स्टँडजवळच्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या चाचांचं नाव मी कधी विचारलंच नाही. सगळे चाचाच म्हणायचे. सुई टोचण्याआधी ते गावाची चौकशी करायचे. "पासलीला भात काढला का?" माझ्या वडिलांचं, अण्णांचं उत्तर संपेपर्यंत नळी भरलेली असायची. चाचांच्या हातून शीर कधी चुकली नाही.

अण्णांच्या पोटातला कॅन्सर ऑपरेशन करून काढला होता. तो परत येतोय का, याचा अंदाज घ्यायला दर तीन महिन्यांनी रक्तातला एक आकडा बघायचा. रक्त पुण्याला जायचं, रिपोर्ट बंद पाकिटातून यायचा. मागच्या खेपेला आकडा वाढला होता.

"ह्याच्यावरनं किती वर्सं उरली ते कळतं का?" अण्णांनी तेव्हा चाचांना विचारलं होतं.

"आपण रक्ताला इचारतोय, जोतिषाला न्हाई."

पाकीट देताना चाचांचं ठरलेलं असायचं, "हितं फोडू नका. आधी डॉक्टर." स्वतः मात्र ते टेबल सोडायचे नाहीत, चहासुद्धा तिथंच घ्यायचे.

या खेपेला त्यांनी पाकीट दिलं, लॅबला कुलूप लावलं आणि अण्णांचा दंड धरून समोरच्या दवाखान्यात आमच्याबरोबर आले.

डॉक्टरांनी पाकीट फोडलं. आकडा उतरला होता.

परत लॅबच्या दाराशी आल्यावर मी चिडलोच. "चाचा, तुम्ही बरोबर आलात, मला वाटलं संपलं सगळं!"

"पाकीट बंद हुतं, मला काय ठावं? तुमी येऊन सांगेपतुर दम धरवंना, म्हून आलो."

बोलता बोलता ते कुलूप उघडू बघत होते. किल्ली काही केल्या भोकात जात नव्हती.