अणदूरच्या शेंगा आणि माझी पुडी

मी महारुद्र, अणदूरचा. गावातला पहिला बी.एस्सी. हे मी कुणी विचारायच्या आत सांगत असे, त्यामुळं लोकांनी पुढं काही विचारणंच सोडून दिलं.

सदुसष्ट साली उस्मानाबादला संशोधकांसाठी एक प्रशिक्षण भरलं. हैदराबादहून जीपमधून यंत्र आलं आणि ते शिकवायला प्रमोदिनीबाई आल्या. पदार्थावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकायचा. काही पदार्थ त्यावर आपापल्या रंगानं चमकतात, आणि तो रंग नेमका कोणता हे यंत्राचा काटा सांगतो. शेंगदाण्यात बुरशीचं विष असेल तर ते निळं चमकतं. आम्ही सगळे तेलबियांवर काम करणारे, आम्हाला तेवढंच हवं होतं. दाणे कुटायचे, द्रवात भिजवायचे, गाळायचे, दिव्याखाली धरायचे. सगळं स्वतःच्या हातानं. बाईंची शिस्त कडक, चहासुद्धा बाहेर जाऊन प्यायचा.

त्या खोलीत माझ्यासारखा हुशार मीच. परंड्याच्या शेंगा तपासल्या, सोनारीच्या तपासल्या, काही चमकलं नाही. शेजारच्या टेबलावरचे शरणप्पा द्रव सांडायचे, तेव्हा मी त्यांच्याकडं बघून मान हलवायचो.

शेवटी पाळी आमच्या गावच्या शेंगांची. शाळेतल्या पोरांच्या खाऊसाठी शेंगदाण्याचं पीठ करायचं होतं. त्याला अणदूरच्या सोसायटीचा माल घ्यायचा की नाही, हे या तपासणीवर ठरणार होतं. "माल पास झालाच म्हणून समजा," असं मी पारावर छातीठोकपणे सांगून आलो होतो. नमुन्याच्या शेंगा माझ्या आईनं, विठाबाईनं, स्वतः निवडून दिल्या होत्या.

दिवा लावला, तर काय! लख्ख चमकलं की!

"विष आहे, बाई!" मी ओरडलो. सगळ्यांनी ऐकलं, आणि दुपारच्या एस.टी.नं ती बातमी गावात पोचलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आई प्रयोगशाळेच्या दारात हजर. काखेत शेंगांचं गाठोडं.

"का रं मुडद्या, माज्या शेंगा इखारी म्हणतूस व्हय? त्याच खाऊन एवढा वाढलास की!"

"आई, हे शास्त्र आहे."

"आसंल. घरच्या शेंगास्नी इख म्हणायला शिकवतंय व्हय ते?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "अहो अणदूरकर, रंग कोणता होता?"

रंग? चमकलं, एवढंच मी पाहिलं होतं. ज्यासाठी इथं आलो, नेमकं तेच बघायचं राहिलं होतं.

"परत करा. माझ्यासमोर."

मी दाणे पुढं ओढले आणि सवयीनं आधी खिशात हात घातला. पुडीतली चिमूट कपाळाला लावली. पुडी भंडाऱ्याची. आमचा खंडोबा वर्षातला काही काळ अणदूरला, काही काळ नळदुर्गला राहतो. तेव्हा तो नळदुर्गला गेलेला होता, पण देव कुठंही असो, अणदूरचा माणूस भंडारा घेतल्याशिवाय घर सोडत नाही. देवबिव आपण मानत नाही, असं मी शरणप्पांना ऐकवलं होतं. पण काल काय नि आज काय, गावच्या शेंगा समोर आल्या, आणि बोटं आपोआप खिशात गेली.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी काळा पडदा ओढला आणि दिवा माझ्या हातांवर धरला. बोटं पिवळीजर्द! खिसासुद्धा! भंडारा म्हणजे हळद, आणि हळद त्या दिव्याखाली अशी चमकते, हे मला माहीत असायला हवं होतं. शरणप्पांनी माझ्याकडं बघून मान हलवली. त्यांचा तो हक्कच होता.

परंड्याच्या आणि सोनारीच्या शेंगांना हात लावताना मी पुडीला शिवलोसुद्धा नव्हतो. जिथं माझं काही अडलं नव्हतं, तिथं मी पक्का शास्त्रज्ञ होतो!

मग साबणानं कोपरापर्यंत हात घासले. सदरा काढला, पुडी आईकडं दिली. आई शेंगा फोडायला सरसावली, तिला बाईंनी कोपऱ्यात नेऊन बसवलं. शेंगा शरणप्पांनीच फोडून दिल्या, आणि या खेपेला काही सांडलं नाही. कुटलं, भिजवलं, गाळलं. पडदा ओढून दिवा लावला.

अंधार. निळं नाही, पिवळं नाही.

"काहीच दिसंना की रं," आई म्हणाली.

"न दिसणंच चांगलं, आई."

"पोरांनी खाल्ल्या तर चालतंय?"

बाईंनी काटा पाहिला. "खुशाल खाऊ द्या," त्या म्हणाल्या.

मला नाचावंसं वाटलं. दिवा विझवायला म्हणून वळवला, तर उजेड कोपऱ्याकडं गेला. आई तिथं हात जोडून बसली होती. पुडी तिच्या मुठीत फुटली होती आणि दोन्ही तळवे नुसते झळाळत होते.

"शेंगांसाठी एवढं देवाला साकडं, आई?"

"शेंगास्नी काय धाड भरलीय? त्या चांगल्याच हाईत, म्या निवडल्यात," ती म्हणाली. "तू नापास व्हतूस का काय, म्हणून जीव टांगणीला लागला हुता."

बाईंनी विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं.

"रंग पिवळा, बाई."